खोटं मेडिकल

आमच्या घरमालकांच्या घरात चार शब्द बंद होते. दुखते, भूक, झोप आणि काऊन. पहिले तीन अंगाचे चोचले म्हणून बंद आणि चौथा उद्धटपणा म्हणून. काऊन म्हणजे ‘का’. आमच्याकडच्या पोरांचं त्या शब्दावाचून पान हलत नाही, त्यामुळे शिक्षा सगळ्यात जास्त त्याच शब्दाच्या व्हायच्या.

शिक्षा गच्चीवर. गच्चीच्या कठड्याला सायकलची जुनी ट्यूब बांधलेली असायची आणि ट्यूबच्या दुसऱ्या टोकाला वरणाचा डाव. डाव दोन्ही हातांनी धरायचा, ट्यूब ताणायची आणि घरमालक, म्हणजे सर, ‘सोड’ म्हणेपर्यंत सोडायची नाही. ऑपरेशन चालू असताना शिकाऊ डॉक्टर असेच जखम उघडी धरून उभे असतात, असं सरांचं म्हणणं.

"सर्जन म्हणाला धर, तर धरायचं. हात गळून पडला तरी धरायचं."

हात कुणाचे गळले नाहीत. डाव मात्र एकामागून एक वाकले आणि सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, पोरांना वरण वाटीनं वाढायची वेळ आली.

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते तिथेच ते होते, मी येण्याच्या आधी. गोंदियात रेल्वेलाइनच्या पलीकडे त्यांचं दोन मजली घर. फाटकावर पाटी होती, ‘खोल्या फक्त मेडिकलची तयारी करणाऱ्यांना.’ साकोलीहून माझी बदली झाली तेव्हा मी ती पाटी वाचली, बेल वाजवली आणि सांगितलं की मी कसलीही तयारी करत नाही, पण खालची खोली मला हवी आहे, कारण कॉलेज इथून पायी जाण्यासारखं आहे. सरांनी माझा विषय विचारला. केमिस्ट्री म्हटल्यावर म्हणाले, "रविवारी पोरांच्या शंका सोडवाल?" मी हो म्हटलं. व्यवहार झाला.

त्या दिवशीही त्यांच्या अंगावर डॉक्टरांचा पांढरा कोट होता. खाली लुंगी, आत बनियन आणि वरून नीळ घातलेला, कडक इस्त्रीचा एप्रन. भाजी आणायलाही ते तसेच जायचे. भाजीवाला ‘आइए डॉक्टरसाब’ म्हणायचा आणि सर त्याची चूक कधी दुरुस्त करत नसत.

त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते हिंदीत बोलायचे. गोंदियात बहुतेकांना ही सवय आहे. "घुसना आसान है, टिकना मुश्किल." म्हणजे मेडिकलला नंबर लागणं ही किरकोळ बाब. ते बाकीचे क्लासवाले बघून घेतील. नंबर लागल्यावर तिथे जे हाल होतात ते सोसण्याची तयारी फक्त आपल्याकडे. या तयारीची कल्पना त्यांना बिरसीवरून सुचली होती. बिरसीच्या विमानतळावर पायलट तयार करण्याची शाळा आहे, तिथली छोटी विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर घरघरत असतात. एखादं विमान दिसलं की सर नव्या मुलाच्या बापाला गच्चीवर नेत.

"ते पाहा. त्या पोराला एकदम आकाशात सोडत नाहीत. आधी जमिनीवर खोट्या विमानात बसवतात. खोटं वादळ, खोटा बिघाड. तिथे जो टिकला तो वर. मी काय करतो? खोटं मेडिकल चालवतो."

बाप देवरीकडचा किंवा सालेकशाचा, नाहीतर इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवणारा. तो विमानाकडे बघायचा, एप्रनकडे बघायचा आणि पोराची पेटी वर चढवायचा. पोराचे हाल होणार हे ऐकून त्याला उलट बरंच वाटायचं. हाल केल्याशिवाय काही मिळत नाही, हे तो शेतात रोज बघत होता.

खोटं मेडिकल म्हणजे आमचंच घर. पुढची खोली ओपीडी, स्वयंपाकघर ऑपरेशन थिएटर, न्हाणीघर पोस्टमॉर्टेम. पोरं जेवायला बसली आणि पहिला घास तोंडात गेला की सर पितळी घंटा वाजवायचे. इमर्जन्सी! पानं टाकून सगळ्यांनी गच्चीवर धावायचं, तिथे रांगेत उभं राहायचं, नाडी मोजायची आणि परत यायचं, तोवर भाताचा गोळा झालेला. काकू घंटेपेक्षा मोठ्या आवाजात ओरडायच्या, "अवो, त्या घंटीले आग लावा! पोट्ट्यायले दोन घास तं खाऊ द्या!"

पाणी फक्त जेवणासोबत, एरवी नाही. ऑपरेशन मधेच सोडून लघवीला जाणार का, हा त्यामागचा विचार. आणि रविवारी संध्याकाळी अपमानाचा तास. एकेकानं पुढे यायचं आणि सरांनी मेडिकलचा मोठा प्रोफेसर होऊन त्याची अब्रू काढायची. "तुझ्या बापानं म्हशी राखल्या, तू पण म्हशीच राख. पेशंटला हात लावू नको, मरून जाईल." पोरानं डोळ्यांत पाणी न आणता ‘यस सर’ म्हणायचं. या तासाला सरांचा आवाज विशेष खुलायचा. नाटकात काम करणाऱ्या माणसाला जो आनंद होतो तो मला ठाऊक आहे, आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला मी तो दरवर्षी पाहते. सरांना होणारा आनंद त्याहून जास्त होता.

सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम मात्र खोट्या पेशंटचा. दर आठवड्याला पाळीपाळीनं एकानं पेशंट व्हायचं. सर त्याला गुपचूप एक आजार सांगायचे, तो कुठेही, कधीही, न सांगता पडायचा आणि बाकीच्यांनी तो आजार ओळखायचा. चार बंद शब्द वापरण्याची परवानगी त्या घरात फक्त खोट्या पेशंटला होती. त्यामुळे पाळी आली की पोरं तिचा पुरेपूर फायदा घ्यायची. जिन्यात आडवं पडून एकजण ओरडायचा, "दुखते बापा! भूक लागली! झोप येऊन राहिली! काऊन कोणी येऊन नाही राहिलं?" बाकीचे हसत हसत त्याची नाडी धरायचे. आठवडाभराचं सगळं तुंबलेलं त्या एका पोराच्या तोंडून बाहेर पडायचं.

सर स्वतः एक वर्ष नागपूरला मेडिकलला होते आणि घरच्या अडचणीमुळे सोडून आले, असं सगळे म्हणत. अडचण दर वेळी वेगळी असायची. कधी वडिलांचं आजारपण, कधी जमिनीचा वाद, एकदा तर त्यांनी मला कॉलरा सांगितला. एका दुपारी काकूंसोबत लाखोरीची भाजी निवडत बसले होते, तेव्हा सहज विचारलं, नक्की झालं काय होतं.

"कोनतं मेडिकल?" काकूंनी देठ मोडत विचारलं. "हे गेलेच नाही वो मॅडम. दोनदा बसले, दोनदा नंबर नाही लागला."

"मग हे सगळं यांना कुठून माहीत?"

"माहा भाऊ औषधाच्या कंपनीत होता ना. दिवसभर डॉक्टरायच्या दारात बसून राहे बॅग घेऊन. तिथं जे ऐके ते इथं येऊन सांगे. तो चहा पिऊन जाये, हे मनावर घेऊन बसत."

म्हणजे खोट्या मेडिकलचा सगळा अभ्यासक्रम दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यावर तयार झाला होता. बिरसीची उपमा देताना सर एक गोष्ट विसरत. तिथे शिकवणाऱ्यानं निदान एकदा तरी विमान उडवलेलं असतं.

ललिता आली ती अशा घरात. देवरीच्या पलीकडच्या जंगलपट्ट्यातली, गोंड घरातली पोर. बाप वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला, थोडी धानाची शेती. बारीक, उंच, बोलायला कमी. रविवारी शंका विचारायला यायची, मग बुधवारीही येऊ लागली, मग रोज. मी शिकवायला वाईट नाही, पण रसायनशास्त्राची इतकी ओढ मी आजवर कुणात पाहिलेली नाही. ती दारात आली की आधी कोपऱ्यातल्या माठाकडे बघायची.

"मॅडम, पाणी घेऊ का?"

एक गिलास, दुसरा, तिसरा. मग तोंड पुसून ‘मोल म्हणजे काय’ विचारायची, जे तिला माझ्याइतकंच येत होतं. काही दिवस पाहिलं आणि सरळ विचारलं, "काय आहे तुला? साखर आहे?"

ती दार लोटून आली. "सिकलसेल हाये मॅडम. शाळेत तपासलं होतं. पाणी कमी पडलं का हाडं दुखतात. सरले नका सांगू. काढून टाकतील."

सिकलसेल हा शब्द आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि जिथे अडकतात तिथे माणूस कळवळतो. थंडी, दमणूक आणि तहान ही त्याची आमंत्रणं. सरांच्या घरात या तिन्हींचं वेळापत्रक होतं. आणि प्राणिशास्त्राच्या या प्राध्यापकाला तिचे पिवळसर डोळे रोज समोर दिसत असूनही काही दिसत नव्हतं.

मी वर गेले आणि तिचं नाव न घेता म्हटलं, "सर, पाण्याची बंदी उठवा. एप्रिल लागलाय."

"मॅडम, तुम्ही तुमची केमिस्ट्री सांभाळा."

"पाणी केमिस्ट्रीतच येतं."

"सर्जन ऑपरेशन करताना पाणी पितो?"

"आधी पितो आणि नंतर पितो. तुमची पोरं ना आधी पीत, ना नंतर."

सर हसले. बाईमाणसाला मेडिकल काय कळणार, असं ते हसणं होतं. मी खाली आले आणि माझा माठ दाराबाहेर, जिन्याखाली ठेवला. जाता-येता कुणीही प्यावं. पोरं प्यायची. सर जिन्यावरून उतरताना त्या माठाकडे वैऱ्यासारखं बघायचे, पण माठ माझा होता आणि जिन्याखालची जागाही माझ्या भाड्यात होती.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा सरांनी ‘राउंड’ काढला. डॉक्टर वॉर्डातून राउंड घेतात तसा. फरक एवढाच की वॉर्डात पंखे असतात आणि हा राउंड नागऱ्याच्या महादेवापर्यंत पायी जाऊन परत यायचा होता. विदर्भातलं ऊन, बिनपाण्याचं. रविवारची सकाळ होती. माझ्या डब्यातला तांदूळ संपला होता आणि नागऱ्याचा एक शेतकरी मला चांगला तांदूळ देतो, म्हणून मी त्याच रस्त्यानं स्कूटी घेऊन गेले होते. परत येताना, पायाशी तांदळाचं पोतं, तर रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली घोळका दिसला. मधे सरांचा पांढरा कोट.

ललिता मातीत आडवी होती. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ फुटलेले. दोघांनी तिची मनगटं धरलेली, एकजण तिच्या पापण्या उघडून बघत होता आणि बाकीचे शाळेतल्या प्रश्नमंजूषेसारखे ओरडत होते.

"सर, उष्माघात!"

"नाही सर, मिरगी!"

"अपेंडिक्स, सर! पोट धरून राहिली!"

"दुखते," ललिता म्हणत होती. "खरंच दुखते. दुखते सर."

"भारी करून राहिली बे," मागचा एकजण कौतुकानं म्हणाला.

मला क्षणभर काही उलगडेना. मग कळलं. त्या घरात ‘दुखते’ म्हणायची मुभा फक्त खोट्या पेशंटला होती. ललिता ‘दुखते’ म्हणाली, म्हणजे तिची पाळी. ती जितकं जास्त ओरडत होती, तितकी त्यांची खात्री पटत होती.

सर मात्र संतापले होते. "आज पेशंट ही नाही! आजची पाळी दुसऱ्याची आहे. मला न विचारता बदल कुणी केला? ललिता, उठ!"

मी स्कूटी लावली. तांदळाचं पोतं उचललं आणि सरांच्या पायाशी टाकलं.

"हे काय मॅडम?"

"हे तुम्ही घरी आणा. राउंड आहे ना तुमचा?" घोळक्यातली सगळ्यात धट्टीकट्टी पोरगी मी हाताला धरून ओढली. "हिला मधे बसव, तू मागे बस, आणि हिला सोडू नको."

"अहो, पण निदान झालं नाही अजून," सर म्हणाले.

त्यांनी हे वाक्य खरोखर उच्चारलं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, झोप न झाल्यासारखी, केस कसेतरी बांधलेले. तिनं ललिताच्या खाटेवर टेकून विचारलं, "कुठे दुखते?"

ललितानं माझ्याकडे बघितलं.

"सांग," मी म्हटलं.

"सगळीकडे. पाठ, मांड्या. सिकलसेल हाये मॅडम मले."

"झोप लागते का? भूक लागते? सकाळपासून पाणी किती पिली?"

"नाही पिली."

"काऊन?" डॉक्टरीण म्हणाली. आमच्याकडचीच असावी. "सिकलसेल आहे माहीत आहे, उन्हात पाणी नाही पिली, काऊन?"

मी तिथल्या बाकावर बसले होते. सलाइन लागलं, इंजेक्शन झालं, वॉर्डातले बाकीचे पेशंट तपासून झाले आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई दुसरं काहीच बोलत नाही. प्रत्येक खाटेपाशी तेच. दुखते का, भूक लागते का, झोप येते का, आणि नसेल तर काऊन. सरांनी जे चार शब्द बंद केले होते, नेमक्या त्यांच्यावर तो दवाखाना चालला होता. पोरांना सगळं शिकवून झालं होतं, फक्त ज्या भाषेत डॉक्टर बोलतात ती सोडून.

दुपारी सर आले. एप्रन घालून. दारातल्या सिस्टरनं त्यांना वरपासून लुंगीपर्यंत पाहिलं.

"आप कौन?"

"मी हिची तयारी करून घेतो."

"कशाची?"

"मेडिकलची."

"बढिया," सिस्टर म्हणाली. "अॅडमिशन तो हो गया उसका. बेड नंबर भी मिल गया. आप बाहर बैठिए."

आता एखादा माणूस यानंतर गप्प बसला असता. सरांनी बाहेर व्हरांड्यात पोरं गोळा केली आणि सांगितलं की ललिता नशीबवान आहे, तिला आतून वॉर्ड बघायला मिळतोय, ही संधी बाकीच्यांना नाही. तांदळाचं पोतं पोरांनी आळीपाळीनं वाहून आणलं होतं. त्याला त्यांनी स्ट्रेचरचा सराव म्हटलं.

ललिता चार-पाच दिवसांत घरी आली, तेव्हा तिचा बाप ओसरीवर बसलेला. सरांनी फोन करून बोलावलं होतं. पेटी खाली आणून ठेवलेली. पोरं जिन्यावर उभी.

"पोरगी हुशार आहे," सर सांगत होते. "पण अनफिट. मेडिकलमध्ये आजारी माणूस टिकत नाही. उगाच वर्षं घालवू नका. घेऊन जा."

बाप पेटीच्या कडीशी चाळा करत होता. "सर म्हणून राहिले तं असंल, बाई. चाल."

"परीक्षा पंधरवड्यावर हाये बाबा."

"सरले माहीत राहते ना. ते राहून आले तिथं."

ललिता पेटीकडे बघत राहिली आणि मला वाटलं, झालं, आता ही ‘यस सर’ म्हणणार. तिला दुसरं काही शिकवलंच कुठे होतं. पण तिनं तोंड उघडलं आणि सगळ्या पोरांसमोर, ओसरीच्या मधोमध उभं राहून सरांना विचारलं, "काऊन?"

जिन्यावरची पोरं कठड्यावरून वाकली.

"काऊन नाही टिकणार मी? दवाखान्यातल्या मॅडमनं सांगितलं, पाणी पेशील, गोळी घेशील, तं सगळं करशील. तुम्ही कोन्या डॉक्टरले विचारलं?"

सरांनी बोट गच्चीकडे केलं. शिक्षा. सवयीनं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या, हाताला पीठ, आणि ललिताच्या बापाला म्हणाल्या, "भाऊ, हे कुठी राहून नाही आले. याह्यचा नंबरच नाही लागला. दोनदा. तुमच्या पोरीनं एकदा तरी बसून पाहावं का नाही?"

सरांनी एप्रनची वरची गुंडी लावली. ती आधीच लावलेली होती, म्हणून काढून पुन्हा लावली.

"मी घुसलो नाही," ते म्हणाले. "पण घुसलो असतो, तर टिकलो असतो."

मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. जिन्यावरून कुणीतरी हसलं, मग दोघं, मग सगळे. बाप तेवढा हसला नाही. त्यानं पेटी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मी माझ्या खोलीचं दार उघडलं. यात उपकाराचा भाग नव्हता. खोली मोठी होती आणि पोरगी स्वच्छ होती. परीक्षेपर्यंत ती माझ्याकडे राहिली, रात्री झोपली, भूक लागली की जेवली आणि पारदर्शक बाटली घेऊन परीक्षेला गेली.

निकाल लागला. इथल्याच सरकारी मेडिकलला नंबर लागला. आणि त्याच आठवड्यात आमच्या फाटकावर फ्लेक्स चढला. डावीकडे ललिताचा शाळेतल्या ओळखपत्रावरचा फोटो, उजवीकडे एप्रनमधले सर, तिच्या दुप्पट मोठे. खाली, ‘टिकण्याची तयारी आमच्याकडेच.’ शाई उडून ललिता आता निळी पडली आहे. सर मात्र अजून ओळखू येतात.

खोल्या त्यानंतरही भरत राहिल्या. ओसरीवरचा प्रसंग पोरांनी पाहिला होता, बापांनी नाही, आणि पोरं दर वर्षी बदलतात. पाणीबंदी तेवढी उठली, कारण काकूंनी वरच्या मजल्यावर दोन माठ चढवले आणि त्यांना हात लावाल तर चूल बंद, असं जाहीर केलं. सरांनी मात्र स्वतःपुरता नियम चालू ठेवला. पाणी जेवणासोबत, एरवी नाही. पोरांनी ते बघावं म्हणून माठासमोर उभं राहून न पिणं, हा त्यांचा नवा तास झाला.

अशी पाचेक वर्षं गेली. यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी काकूंनी माझं दार ठोठावलं. "मॅडम, चला वो. हे कालपासून दात खाऊन पडले. विचारलं तं बोलत नाही. आंग घामानं भिजून राहिलं, उलट्या होऊन राहिल्या."

सर गादीवर कमरेत वाकून पडले होते, ओठ आवळलेले. मी ऑटो बोलावला. दवाखान्यात त्यांना खाटेवर घातलं, सोनोग्राफी झाली. मुतखडा. पाणी कमी प्यायचा आजार. नववीतल्या पोरालाही कारण सांगता येईल. एप्रन सिस्टरनं काढायला लावला तेव्हा आतलं बनियन पहिल्यांदा पूर्ण दिसलं, उसवलेलं.

वॉर्डात इंटर्न आली. उंच, बारीक, गळ्यात स्टेथोस्कोप, एप्रन चुरगळलेला, बगलेत पाण्याची बाटली. ललितानं मला पाहिलं, काकूंना पाहिलं, मग खाटेकडे. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ही तयारी तिची तिनं केली असावी.

"सर, कुठे दुखते?"

सरांनी छताकडे बघितलं. कपाळावरून घाम उशीवर ओघळत होता. "नाही दुखत," ते म्हणाले.

ललिता थांबली. घाई नव्हती तिला. पेन वर धरून उभी राहिली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग आले काऊन?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खुदकन हसला. काकूंनी पदर तोंडाला लावला. सरांच्या पाठीतून कळ आली असावी, कारण पुढचं ते ठरवून बोलले नाहीत.

"दुखते," सर ओरडले. "आई गं. दुखते. लय दुखते."

"कधीपासून?"

"परवापासून."

"बरं," ललितानं लिहून घेतलं, सिस्टरला इंजेक्शन सांगितलं, बगलेतली बाटली खाटेच्या कडेला ठेवली. "उलटी थांबली की हे प्यायचं. संपली की भरून घ्यायची. काकू, तुम्ही बघा." आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. तिथे तिनं तोच प्रश्न विचारला, त्याच आवाजात.

इंजेक्शनाचा परिणाम व्हायला थोडा वेळ गेला. सरांचा चेहरा सैल पडला. त्यांनी मान वळवून वॉर्डाच्या टोकापर्यंत ललिताकडे पाहिलं, मग मला जवळ बोलावलं.

"बघितलं मॅडम?" ते म्हणाले, आवाज खोल गेलेला, तरी त्यात जुना तोरा होता. "टिकली. सांगत होतो ना. तयारी."

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि त्यांच्या हातात दिली.

"प्या," मी म्हणाले.